भैरोबाचे दगड आणि रविवार

प्रिय मित्रा,

भैरोबाच्या देवळाला रंग लागतोय. एवढं वाक्य तुला पुरेल. मला पुरत नाही, म्हणून फोन न करता लिहायला बसलो. नाहीतरी आपल्या फोनला ‘बोलू निवांत’च्या पुढे कधी जायला मिळालंय?

घरी सगळं ठीक. आईचं ऑपरेशन नीट झालं, आता स्वयंपाकघरात ये-जा करते.

तर, जीर्णोद्धार निघालाय. सभामंडपाला ग्रॅनाइट, पाराला फरशी, शिखराला रंग. घरटी वर्गणी निघाली, मीही दिली. गळकं देऊळ होतं, ते नीट व्हायलाच हवं होतं. पण पाराला टेकून उभे असलेले आपले पाच वीरगळ, लढताना पडलेल्यांच्या आठवणीचे ते चौकटी कोरलेले दगड, ‘ओंगळ दिसतात’ म्हणून पेंटरनं त्यांनाही हात घातला. पहिल्या दोघांवर चंदेरी ऑइलपेंट चढला. वरचं शिवलिंग, पूजेला बसलेला वीर, चंद्र-सूर्य, माथ्यावरचा कळस, सगळं एका चकचकीत थराखाली गेलं. मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरांना लाल ओठ काढलेत. तिसरा दगड अजून कोरा आहे. रंग संपला आणि पेंटर दुसऱ्या कामाला गेला, एवढ्यावर तो वाचला. रविवारी परत येतोय.

तिसरा म्हणजे तुझा वासराचा. खालची चौकट पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुताना तू असा ओरडलास की गुरुजींना वाटलं साप निघाला. गाईंची रांग, पाठीशी धनुष्य ताणलेला गडी, आणि शेवटच्या गाईच्या पोटाखाली मान वर करून पिणारं वासरू, बोटाच्या पेराएवढं. गुरं सोडवताना पडलेला कुणीतरी. नाव नाही, साल नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतोच, जे काय सांगायचं ते चित्रातच. तिकडे बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर गलबतं कोरलीत, कारण लढाई पाण्यावर झाली. आपल्या दगडावर गुरं आहेत. राजा नाही, किल्ला नाही, गोठा राखताना मेलेला माणूस. आपल्या गावाचा याहून जुना कागद कुठे आहे? आणि ऑइलपेंट त्या बारीक खाचांत एकदा भरला की वासरू गेलंच समज. काढायला जावं तर कोणी तारेचा ब्रश घेईल, कोणी ॲसिड.

आता तू म्हणशील, तेव्हाच उचलून आपल्या मंडळाच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहात आणायचे होते. नको रे, ते भांडण पुन्हा नको. बसस्टँडवर तू मला ‘दगडांचा वकील’ म्हणालास, शेवटची एस.टी. चुकवलीस आणि वर भज्यांचे पैसे मलाच द्यायला लावलेस. माझं म्हणणं आजही तेच आहे. त्या दगडासमोर अमावास्येला नारळ फुटतो. मंडळाच्या खोलीत तो मोटेच्या चाकाशेजारी नंबर लावून उभा राहील, आणि गाव त्याला विसरेल.

मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांचं म्हणणं, तहसीलदारांकडे अर्ज द्या, काम थांबवा. ‘कायदा आहे ना!’ आहे, 1960 चा राज्याचा कायदा आहे, पण तो अधिसूचना निघालेल्या स्मारकांना. आपल्या पाराची अधिसूचना कोण काढणार आणि कधी? आणि समजा, पोलीस येऊन उभे राहिले, पुढे काय? मंडळाकडे जे आहे ते लोकांनी हातानं आणून दिलेलं आहे. मोटेचा नाडा, बाराबंदी, दाभणानं शिवलेल्या चोपड्या, लाल रुमालात बांधलेलं कुलकर्ण्यांचं मोडी दफ्तर. गुरुजी सांगायचे ते आठवतं? इंग्रजांच्या इनाम कमिशननं 1852 नंतर इनामांच्या सनदा तपासायला मागितल्या, कित्येकांची इनामं गेली, आणि लोकांनी कागद माळ्यावर दडवले. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे, 22 खंड छापले, ते दारोदार फिरून, लोकांच्या मिनतवाऱ्या करून. हुकूम दाखवून नाही. आपण एकदा अर्ज ठोकला की तालुक्यातला एकही माळा आपल्याला पुन्हा उघडणार नाही. हे बैठकीत बोललो, तर ‘तुम्ही भावनिक होता’ म्हणाले. बरं, होतो.

पण खरी अडचण अध्यक्ष नाहीत, गुरवाची म्हातारी आहे. तीच रे, जिनं शाळेच्या पोरांना मापं शिकवली. आपण फळ्यावर लिहीत होतो, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. तिनं तुझ्या हातातली पायली काढून घेतली, ज्वारी भरली, वर ओंजळीनं रास केली आणि म्हणाली, ‘बलुतं असं शिगोशीग घालायचं. सपाट करून दिलं तर त्यो दाणा देणाऱ्याला पचत न्हाई.’ पोरं गप्प झाली होती. हिशेब आपल्याला ठाऊक होता, शीग तिला ठाऊक होती. तीच आता रंग मागते. म्हणाली, ‘समद्या देवळाला नवं कापड आन् माझ्या वीरांनी उघडं ऱ्हायचं व्हय?’ मी तिच्यासमोर बसून राहिलो. तिला तिथे काय सांगायचं? बेसाल्टच्या पृष्ठभागाचं शास्त्र?

नंतर एक सुचलं. ती ते दगड जवळून बघतच नाही, पाणी घालते आणि हात जोडते. नजरही अधू झालीय. तिनं वासरू पाहिलंच नसणार. तू तिरप्या उन्हात काढलेले फोटो आहेत ना, संध्याकाळचे, ज्यात गाईंची शिंगंही मोजता येतात? त्यांतला एक दारभर मोठा छापून तिच्या ओसरीवर न्यायचा. आणि शनिवारी रात्री पारावरचा दिवा मालवून बाजूनं बॅटरी मारायची. आडव्या उजेडात कोरीव काम कसं उठतं ते तूच मला शिकवलंस. वर्गणीवाली तरुण पोरं तिथेच बसलेली असतात, त्यांनाही दिसू दे. मग तिला नव्या कापडाचं विचारायचं. खरंच कापडच नेसवू, सणावारी, दगडाला चिकटत नाही असं. ती हो म्हणाली तर पेंटरची काय टाप आहे! रंगलेल्या दोघांचं मग पुरातत्त्व खात्यातल्या जाणत्याला विचारून सावकाश बघू. तिनं नाही म्हटलं तर मात्र मला पुढचं काही दिसत नाही, आणि याच विचारानं झोप येत नाही.

तुझी बदली झाली का? लेकीचं दहावीचं वर्ष, तिला माझा आशीर्वाद, आणि अभ्यासाचं विचारून पिडू नकोस. वहिनींना नमस्कार. पाठीचं दुखणं अंगावर काढू नकोस.

फोटो त्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहेत, तुझ्याकडेच. मूळ फाइल पाठव, व्हॉट्सॲपवरची नको, छापताना फुटते. शुक्रवारपर्यंत हवेत. आणि शनिवारी येता आलं तर येच. म्हातारी माझं ऐकून घेते, पण तुझं मानते.

तुझाच,
दगडांचा वकील

ता. क. येताना तुझी ती मोठी बॅटरी आण. माझी मिणमिणते.