इमारतीलाही एक नोंद क्रमांक द्या

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी स्थापत्य अभियंता आहे. गेली सव्वीस वर्षे मुंबई-ठाण्यात जुन्या आरसीसी इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो. गळणारे स्लॅब, फुगलेले कॉलम, उघड्या पडलेल्या सळया हा माझा रोजचा विषय. हे पत्र ज्या इमारतीविषयी आहे तिचे कुठलेही काम माझ्याकडे नाही आणि मला ते मिळावे अशी अपेक्षाही नाही. ती इमारत म्हणजे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. ते चालवणारी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

मागणी आधीच सांगतो. संग्रहालयात एखादी वस्तू दाखल झाली की नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो. ती कुठून आली, कशाची बनली आहे, तिला काय मानवते आणि काय नाही, हे लिहून ठेवले जाते. त्यानंतर कुणी सहज येऊन तिला रंग फासू शकत नाही. असाच एक क्रमांक या केंद्राच्या इमारतीला मिळावा. ज्या वास्तूत वस्तू ठेवल्या आहेत, ती वास्तूही संग्रहातली वस्तू मानली जावी.

हे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विज्ञान-उद्योगाचे संग्रहालय ही कल्पना मुंबईला नवी नाही. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २ मे १८७२ रोजी उघडले, तेव्हा कलेइतकाच भर उद्योग, शेतमाल आणि कारागिरीवर होता. स्वातंत्र्यानंतर ही कल्पना नव्या रूपात आली ती कोलकात्यात. म्युनिकचे डॉइचेस म्युझियम हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे संग्रहालय पाहून आलेल्या, पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ती मनावर घेतली, बिर्लांनी बिर्ला पार्क हे आपले राहते घर दिले आणि २ मे १९५९ रोजी तिथे औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय सुरू झाले. बेंगळुरूला विश्वेश्वरय्यांच्या नावाने खास इमारत उभी राहिली आणि १९६५ मध्ये तिथले पहिले दालन उघडले. तोवर ही संग्रहालये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे, म्हणजे सीएसआयआरकडे होती. स्वतंत्र राष्ट्रीय परिषद झाली ती १९७८ मध्ये.

मुंबईची गोष्ट उलटी आहे. इथे आधी इमारत नव्हतीच. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचे एक प्रदर्शन, १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात उघड्या आभाळाखाली विज्ञान उद्यान, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९८५ रोजी, पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पूर्ण केंद्राचे उद्घाटन. मुले आधी आली, छप्पर नंतर आले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्यासाठी बांधायचे ती मुले समोर खेळत असताना बांधलेल्या सरकारी इमारती आपल्याकडे किती असतील?

त्या मुलांत मीही होतो. आम्ही लोअर परळला चाळीत राहायचो. वडील मिलमध्ये बॉयलरवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरातली भोंग्याची वेळ कायमची गेली. पुढे एका रविवारी वडील मला चालत विज्ञान केंद्रात घेऊन गेले. आवारात वाफेचे इंजिन उभे होते. वडिलांनी त्याभोवती एक फेरी मारली आणि मला सांगायला लागले: पाणी इथे, जाळ इथे, वाफ इथून शिरते, दट्ट्या ढकलते, मग हा दांडा चाक फिरवतो. बोलता बोलता शेजारी दोन-तीन कुटुंबे थांबली. कुणीतरी प्रश्न विचारला. कित्येक महिने कुणी काही न विचारलेला माझा बाप तासभर तिथे उभा राहून उत्तरे देत होता. मी इंजिनिअर झालो त्याचे मूळ त्या तासात आहे. म्हणून या जागेबद्दल मी तटस्थ नाही, हे आपल्याला मोकळेपणाने सांगतो.

त्याच आवारात जुनी ट्राम आहे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. मारुत हे लढाऊ विमान आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बेंगळुरूला बनवलेले, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेले. इंजिन, ट्राम, विमान यांना आपण वारसा म्हणतो, कारण त्यांचे चालणे थांबले आहे. इमारत अजून रोज काम करते, म्हणून ती वारसा आहे हे लक्षातच येत नाही.

ती बांधली कुणी, हे मराठी माणसाला तरी ठाऊक हवे. वास्तुकार अच्युत कानविंदे, जन्म १९१६, कोकणातल्या आचऱ्याचे. जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे सीएसआयआरमधून त्यांना हार्वर्डला पाठवण्यात आले. तिथे आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून ते परतले आणि सीएसआयआरचेच वास्तुकार झाले. नव्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि त्या कशा दिसाव्यात याचा नमुना आपल्याकडे नव्हता. अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था, तिथलीच भौतिक संशोधन प्रयोगशाळा, नंतर आयआयटी कानपूरचा परिसर ही त्यांची कामे. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००२ मध्ये ते गेले.

या क्रमात वरळीची इमारत कुठे बसते ते पाहा. ज्या माणसाने आयुष्याच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांना काम करायला जागा बांधून दिली, त्यानेच उत्तरार्धात ते विज्ञान सामान्य माणसाला हाताळता यावे म्हणून घर बांधले. दिल्लीत प्रगती मैदानाजवळचे राष्ट्रीय विज्ञान केंद्रही (१९९२) त्यांचेच. देशाच्या विज्ञानाचा पहिल्या चाळीस वर्षांचा प्रवास एकाच वास्तुकाराच्या कामातून वाचता येतो, आणि त्याची दोन पाने आपल्या मंत्रालयाच्या ताब्यात आहेत.

ही इमारत कुणी पाडायला निघाले आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच प्रगती मैदानावर काय झाले ते आपण जाणता. १९७२ मध्ये उभा राहिलेला वास्तुकार राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांचा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शन-मंडप एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाला. काँक्रीटच्या त्रिमितीय सांगाड्याचे ते काम जगभरातल्या अभियंत्यांना माहीत होते. इमारत साठ वर्षांची नाही, म्हणून वारसा यादीचा विचार नाही, असे सांगितले गेले. १९५८ चा आपला पुरातन स्मारकांचा केंद्रीय कायदा तर शंभर वर्षे मागतो. वरळीच्या इमारतीला ती अट २०८५ मध्ये पूर्ण करता येईल. खाऱ्या हवेतले काँक्रीट निगा न राखता तोवर थांबत नाही, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो.

इथे थोडे तांत्रिक लिहितो, कारण सगळा प्रश्न यातच आहे. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या पुढे असतो. इतक्या अल्कधर्मी वेढ्यात सळईवर एक अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि तो तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो आणि सामू खाली आणतो. मुंबईत त्याच्या जोडीला समुद्राचे क्षार येतात आणि ते हा थर फोडतात. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटून खाली पडते. बाहेर तडा दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

त्यावर आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय मी अनेकदा पाहिला आहे. एका सरकारी इमारतीत, नाव लिहीत नाही, बाहेरचा मूळ खडीचा पोत सिमेंटने सपाट करून वर चकचकीत रंग दिला गेला. वर्षभर छान दिसले. आतले पाणी कोंडले आणि तिसऱ्या पावसाळ्यात रंगासकट ढलपे खाली आले. मी तेव्हा त्या कंत्राटदाराकडे नोकरीला होतो. पोत वाचवा, असे मी एकदाच म्हणालो आणि गप्प बसलो. निविदेत 'पोत' अशी बाबच नव्हती. इमारत जर नोंदवहीतली वस्तू असती, तर मला त्या एका ओळीवर बोट ठेवता आले असते.

जुन्या दगडी-लाकडी वास्तूंबाबत आपण हे शिकलो आहोत. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००३ ते २००८ या काळात महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठानने मिळून सावरले. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. सोनेरी मुलाम्याचे, स्टेन्सिलचे कारागीर शोधून काढले गेले. काँक्रीटचे तसे कारागीर शोधायला आपण सुरुवातही केलेली नाही, आणि स्वातंत्र्यानंतरचे बहुतेक सगळे सार्वजनिक बांधकाम काँक्रीटचेच आहे. ही विद्या उभी करायला विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीपेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

तेव्हा नोंद क्रमांकामागून जे यावे ते असे: कानविंदे यांच्या कार्यालयातले मूळ आराखडे आणि बांधकामाच्या वेळची छायाचित्रे मिळवून त्यांच्या प्रती केंद्रात ठेवाव्यात. कुठल्याही रंगरंगोटीच्या किंवा वॉटरप्रूफिंगच्या निविदेआधी संपूर्ण काँक्रीटची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांना पाहता यावा. दिल्लीच्या इमारतीलाही हेच लागू करावे. आग लागू नये म्हणूनच्या व्यवस्थेचाही त्यात समावेश असावा. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय भाड्याच्या इमारतीत जळाले आणि १९७८ पासून जमवलेले सारे त्यात गेले. ते दुसऱ्या मंत्रालयाचे होते, पण धडा सगळ्यांसाठी आहे. शंभर वर्षांची अट बदलण्याचे काम मोठे आहे आणि संसदेचे आहे. नोंदवहीत एक ओळ लिहायला मात्र कायदा बदलावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट. काँक्रीट किती आतपर्यंत बिघडले आहे हे पाहायला आम्ही ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन फवारतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तेच. चांगले काँक्रीट गडद गुलाबी होते, बिघडलेले आहे तसेच राखाडी राहते, आणि दोघांमधली सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते. तुमची इमारत आतून कशी आहे, हे दहावीच्या मुलाला अर्ध्या मिनिटात कळते. केंद्राने परवानगी दिली तर हा प्रयोग मी महिन्यातून एका रविवारी तिथे येऊन, विनामूल्य, मुलांसमोर करायला तयार आहे. केंद्राच्या भिंतीला हात लावावा लागणार नाही. पाडलेल्या इमारतींचे तुकडे माझ्या गोदामात भरपूर आहेत, ते मी घेऊन येईन.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, ठाणे