रविवारची मैफल : गाडी कुठे लावायची, आजच ठरवा

सभासदहो, रविवारी संध्याकाळी साडेसहाला नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात गाण्याची मैफल सुरू होईल. गेल्या वेळी सात-आठ जण शालीमार चौकात घिरट्या घालत राहिले आणि त्यांचा पहिला राग हुकला. बडा ख्याल, म्हणजे रागातली संथ लयीची बंदिश, आलापीतून हळूहळू उलगडतो. तो अर्ध्यात ऐकण्यात काय अर्थ?

म्हणून या वेळी जवळच्या एका सभासदाच्या वाड्यात बारा चारचाकींची जागा आपण राखून ठेवली आहे. पैसे लागणार नाहीत, पण नाव हवं. शुक्रवारी रात्रीपर्यंत गाडीचा नंबर आणि किती जण येणार ते कार्यवाहांना कळवा. एकाच गाडीत चौघे येणार असतील त्यांना आधी जागा मिळेल, आणि ज्येष्ठ सभासदांना तर नक्कीच. न येणं ठरलं तर तसंही कळवा, जागा दुसऱ्याला देता येईल.

बाकीच्यांनी मेन रोड, शिवाजी रोडच्या बाजूला गाडी घालूच नका. रस्ते अरुंद, त्यात सुटीची खरेदी. सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) अलीकडे पैसे देऊन रीतसर जागा मिळाली तर तिथे लावा आणि चालत या, फार लांब नाही. पंचवटी, सिडको, नाशिकरोडकरांना सिटीलिंकची बस सोयीची. परतीची वेळ मात्र आधी बघून ठेवा.

दुकानाच्या शटरपुढे किंवा कोणाच्या दारात दुचाकीसुद्धा लावू नका, ही कळकळीची विनंती. सहा वाजता कलामंदिराच्या दारात भेटू.

— कार्यकारिणी