अंकाचा मजकूर वाचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर मी थँक्यू म्हटलं आणि तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवलात. मला तो इतक्यात मिटवायचा नाही. तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

छोटा दिवाळी अंक काढणाऱ्यांचे भाद्रपद-आश्विन कसे जातात हे छापखान्यात बसून तुम्ही दरवर्षी बघता. गणपती उठले की लेखकांचा मजकूर धडाधड येऊ लागतो, जाहिरातदार नवरात्रापर्यंत झुलवत ठेवतात आणि प्रत्येक संपादकाला आपलाच अंक आधी मशीनवर जायला हवा असतो. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या संगणकावरचा मेलचा प्रोग्रॅम, थंडरबर्ड, उघडेना. क्लिक केलं की कर्सरपाशी गोल फिरायचं, थांबायचं आणि समोर काहीच यायचं नाही. पुन्हा क्लिक केलं की संदेश यायचा : थंडरबर्ड आधीपासूनच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही. संगणक बंद करून परत सुरू केला, तरी तेच. कथा, कविता, दोन मोठ्या मुलाखती, चित्रकारानं पाठवलेली रेखाटनं, सगळं आत अडकलं होतं.

दुरुस्तीच्या एका दुकानात सांगितलं, "मशीन ठेवून जा, फॉरमॅट मारून सगळं नवीन टाकून देतो." पानांचा हिशेब विचारायला म्हणून मी तुम्हाला फोन केला, बोलता बोलता हेही सांगितलं, आणि तुम्ही लगेच विचारलंत, "खातं पॉप आहे की आयमॅप?"

ताई, त्या एका प्रश्नासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. मेल मिळवण्याच्या या दोन पद्धती. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवरच, म्हणजे मेल सेवा देणाऱ्यांच्या संगणकावरच राहतात, आपल्या संगणकावर असते ती त्यांची प्रत. पॉपमध्ये मेल आपल्या संगणकावर उतरतात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसले जातात. माझं खातं पॉप, आणि सर्व्हरवर काहीही शिल्लक नव्हतं. फॉरमॅट झालं असतं तर यंदाचा मजकूर लेखकांकडे हात जोडून परत मागता आला असता. पण आता हयात नसलेल्या लेखकांची पत्रं, त्यांनी स्वतः केलेल्या शेवटच्या दुरुस्त्या, "हा शब्द बदलू नका" अशी त्यांची तंबी, हे मी कुणाकडे मागणार होते?

"मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका," एवढं बजावून तुम्ही छापखान्यातलं काम उरकून आलात. आल्यावरही दुरुस्ती लगेच सुरू केली नाहीत. विंडोज आणि आर दाबून अ‍ॅपडेटा उघडलंत, त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स आणि त्यातलं विचित्र अक्षरांच्या नावाचं फोल्डर, म्हणजे माझे सगळे मेल जिथे होते ते प्रोफाइल. ते अख्खं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलंत. प्रोग्रॅम एका जागी असतो आणि मेल दुसऱ्या जागी, हे मला तेव्हा समजलं. नुसता प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तर हे फोल्डर जागच्या जागी राहतं. फॉरमॅटमध्ये मात्र दोन्ही जातात.

मी घाबरले आहे हे ओळखून तुम्ही एका जुन्या अंकाच्या फोल्डरची प्रत नोटपॅडमध्ये उघडून दाखवलीत. एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक. मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता गुंता होता, कारण पाठवताना तो सांकेतिक रूपात बदललेला असतो. पण मधूनमधून तारखा आणि ओळखीचे ईमेल पत्ते स्वच्छ वाचता येत होते. ते पत्ते बघितले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग दुरुस्ती. टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डची अडकून पडलेली प्रोसेस तुम्ही बंद केलीत. तीच प्रोफाइलला कुलूप घालून बसली होती. पण पुन्हा उघडायला गेलं तर परत तेच. तेव्हा शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू केलंत आणि ॲड-ऑन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद ठेवून उघडायचा पर्याय निवडलात. उघडलं! म्हणजे मेल शाबूत, प्रोग्रॅमही ठीक, दोष कुठल्या तरी ॲड-ऑनमध्ये. एकेक बंद-चालू करत तुम्ही ते नेमकं शोधलंत : फार जुनं, नव्या आवृत्तीशी न जुळणारं.

एवढ्यावर तुम्ही निघाला असतात तरी माझं काम झालं होतं. पण तुम्ही मेल सर्व्हरवरही ठेवण्याचा पर्याय चालू केलात. एखादा मेल संशयास्पद वाटला म्हणून अँटिव्हायरसनं अख्खी इनबॉक्सची फाइलच उचलून बाजूला ठेवू नये, अशी सोय केलीत. प्रोफाइलची प्रत काढताना आधी थंडरबर्ड बंद करायचं, हे माझ्याकडून एकदा करून घेतलंत. पैशांचं विचारलं तर म्हणालात, "मजकूर वेळेवर पाठवा, म्हणजे झालं."

एक मात्र मनापासून सांगते. इतकी जाणकारी असलेली व्यक्ती छापखान्यात 'टायपिंगवाल्या बाई' म्हणून ओळखली जाते, हे मला पटत नाही. माझ्या ओळखीच्या संपादकांना मी हे सांगणार आहे. यंदाच्या अंकात अक्षरजुळणीखाली तुमचं नाव असेलच. संपादकीयातही या कामाचा उल्लेख तुमच्या नावानिशी करायचा आहे. तुमची परवानगी हवी. ते पान अजून लागलेलं नाही, तेव्हा या आठवड्यात कळवा.

आपली,
एका छोट्या दिवाळी अंकाची संपादक