कापलेल्या कलिंगडावर वेळ लिहायला लावा

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की कापलेल्या फळांच्या गाड्यांवर कारवाई सुरू होते. माल जप्त, फोटो, बातमी. त्याला माझा विरोध नाही. पण तेच कलिंगड, तीच पपई मॉलच्या फ्रिजात आणि दहा मिनिटांत दारात येणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यातही असते. तिकडे कोण बघतं? डबा चकचकीत असला की आतलं फळ चांगलं, असं आपण धरूनच चालतो.

जंतू असतात सालीवर. साल नीट धुतली नसेल तर सुरीच त्यांना गरापर्यंत पोचवते. अननसाच्या आंबटपणात त्यांचं फारसं चालत नाही. कलिंगड, खरबूज, पपईत आंबटपणा कमी, साखर-पाणी भरपूर. त्यात उन्हाळ्याचे 35 अंश. जुलाब-ताप आणणाऱ्या साल्मोनेला जंतूला आणखी काय हवं? फ्रिजात तो थंडावतो, लिस्टेरिया नावाचा दुसरा जंतू मात्र तिथेही हळूहळू वाढतो. 2011 साली अमेरिकेत कोलोराडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया पसरला आणि 33 माणसं दगावली, त्यांत बहुतेक म्हातारी. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही त्याचा धोका असतो. आणि आपण फळं आवर्जून नेतो ती आजाऱ्याला आणि गरोदर लेकीसुनेलाच!

अमेरिकेचा फूड कोड, म्हणजे तिथली अन्नसुरक्षेची नमुना नियमावली, सांगतो की कापलेलं कलिंगड-खरबूज 5 अंशांच्या आत ठेवा; थंडाव्याबाहेर विकायचं असेल तर चार तासांत संपवा, उरलेलं फेका. आपल्याकडच्या डब्यावर फार तर तारीख असते. फळ पहाटे कापलं की दुपारी, मधे गोदामात किती वेळ बाहेर राहिलं, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नाही. त्या हिशेबानं समोर कापून देणारा गाडीवाला उजवा. त्याला हवा आहे तो जवळपास पिण्याच्या पाण्याचा नळ, आणि त्यासाठी महापालिकांना आपणच सांगू शकता.

2018 साली आपल्याच खात्यानं अखाद्य बर्फ निळा करायला लावला. अंमलबजावणीचं सोडा, पण कल्पना फार चांगली होती. गोळा खाणाऱ्या पोरालाही रंग दिसतो, प्रयोगशाळा लागत नाही. तसंच इथे करा. प्रत्येक डब्यावर फळ कापल्याची वेळ छापली जावी आणि विक्रीच्या फ्रिजवर बाहेरून वाचता येईल असा तापमापक असावा. डबे घरपोच पाठवणाऱ्या गोदामांनाही हेच लागू व्हावं.

फेब्रुवारीत कलिंगडांचे ढीग लागायला लागतात. आदेश त्याआधी निघावा, ही विनंती.

आपला,
पुण्यातला एक ग्राहक