ओल्या वाशांवर छत ठोकण्याची घाई नको

महोदय,

गणपती नव्या घरात बसवायचे, या इच्छेपोटी कोकणातील अनेक घरांची कामे ऐन पावसात रेटली जातात. कौले चढेपर्यंत जूनच्या सरींनी आढे, वासे आणि रिपा चिंब भिजतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर काळी-हिरवी बुरशी धरते. घरमालकाने विचारले, तर ‘पावसात एवढे व्हायचेच, ऊन पडले की जाईल’ असे सांगून त्यावर जळके तेल किंवा ऑइलपेंट मारला जातो आणि खालून पीव्हीसीचे अथवा प्लायवूडचे छत ठोकले जाते. माझी तक्रार या झाकपाकीबद्दल आहे.

लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली उतरला की बुरशीची वाढ थांबते. वरवर दिसणारी बुरशी लाकडातील साखर आणि पिठूळ द्रव्यांवर जगते. तिने वाशाची ताकद सहसा घटत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी वेगळी, आणि ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिला की तिला रान मोकळे मिळते. छतामुळे वारा बंद होतो, रंगामुळे ओल आत अडकते, आणि नेमकी हीच स्थिती आपण पैसे खर्चून निर्माण करतो. सागाच्या गाभ्याचे लाकूड यात बराच काळ तग धरते. सालीलगतचा पांढरा भाग आणि आंब्याचे लाकूड मात्र लवकर बळी पडते.

आमच्या भागात एका नव्या घराचे छत गळतीमुळे उघडावे लागले, तेव्हा वाशाचा मधला भाग टणक होता, पण भिंतीत शिरलेल्या टोकात स्क्रूड्रायव्हर बोटभर सहज गेला. कापलेल्या टोकाकडून लाकूड सर्वाधिक पाणी पिते आणि भिंतीत ते सुकायला वावच नसतो. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी. टोच्याने उचकटलेली ढलपी लांब, धाग्यासारखी निघाली तर लाकूड शाबूत आहे. ती आखूड तुकड्यांत मोडली तर वासा बदलणेच बरे.

बुरशी नुसती वरवरची असेल, तर मास्क लावून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावी आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे. ब्लीचिंगच्या पाण्याने डाग फिका पडतो, परंतु त्यातील पाणी लाकडात मुरते. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचे द्रावण उपयोगी आहे. मात्र ते पावसाने धुऊन जात असल्याने छप्पर झाकल्यानंतरच लावावे. साठवलेल्या वाशांच्या थरांत पट्ट्या घालून वारा खेळता ठेवावा आणि ताडपत्री बाजूंनी मोकळी सोडावी. उत्सवासाठी राहायला जायची घाई असेल, तर वासे उघडेच ठेवून खुशाल जावे. छताचे काम ऑक्टोबरच्या उन्हानंतर करता येते.

भारतीय मानक आयएस २८७ मध्ये बांधकामाच्या लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा हवामान विभागांनुसार दिलेल्या आहेत. ठेकेदाराच्या करारनाम्यात मात्र सिमेंट आणि सळईचा प्रकार लिहिलेला असतो, लाकडाच्या ओलाव्याचा उल्लेखही नसतो. छत बसवण्यापूर्वी मालकासमोर ओलावामापकाने, विशेषतः भिंतीलगतच्या टोकांवर, नोंद घ्यावी आणि ती २० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास काम पुढे ढकलावे, ही अट प्रत्येक करारात असली पाहिजे. लाकूड सुकेपर्यंतच्या विलंबाबद्दल ठेकेदाराला दंड लावू नये, हेही त्यातच लिहावे.

— एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)