दादाला पत्र : दोन टप्प्यांचं रॉकेट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बारक्याने लावलेला तगादा तू फोनवर सांगितलास. आत्या कोलोरॅडोत रॉकेट उडवते, तर आपल्या वावरात का नाही? फोनवर घाईघाईत उत्तर द्यावं असा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र त्याला वाचून दाखव, पण इंजिनाबद्दलचा भाग आधी तू वाच.

यंदा मी बनवलेलं रॉकेट दोन टप्प्यांचं आहे, आणि तयार संच न आणता सगळं हाताने केलंय. पाइपावर ब्राऊन पेपरच्या पट्ट्या डिंक लावून गुंडाळल्या, सुकल्यावर ओढून काढल्या, झाली नळी. टोक बाल्सा लाकडाचं, ड्रिलमध्ये फिरवत पॉलिश पेपरने घासून आणलेलं. पंखही बाल्साचेच. ते कापताना लाकडाच्या शिरा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवाव्या लागतात. आडव्या गेल्या की पंख वेगात मोडतो. पंख नळीला चिकटले की जोडाच्या दोन्ही बाजूंनी गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि बोटाच्या पेराने एकदाच, न थांबता, पुसत न्यायची. कोपऱ्यात गोलसर भरणी बसते. ती सुकेपर्यंत नळी आडवी ठेवायची, नाहीतर गोंद ओघळतो. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो. संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही.

आता इंजिन. काळ्या दारूचं, जाड पुठ्ठ्याच्या नळीतलं, कारखान्यात बनलेलं. माझ्या खालच्या टप्प्यात ‘सी६-०’ आहे, वरच्यात ‘बी६-६’. अक्षर एकूण ताकदीचं, पुढचं अक्षर मागच्याच्या दुपटीपर्यंत. मधला आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे दारू संपल्यावर किती सेकंदांनी छत्री (पॅराशूट) बाहेर फेकायची. खालच्या इंजिनाला तिथे शून्य आहे, म्हणजे थांबणंच नाही. त्याची दारू वरपर्यंत जळत आली की आग आणि तापलेले कण थेट वरच्या इंजिनाच्या तोंडात शिरतात आणि ते पेटतं. मध्ये वायर नाही, बॅटरी नाही. खालच्या इंजिनाचं वरचं टोक वरच्याच्या तोंडाला भिडवून दोन्ही सेलोटेपच्या एका वेढ्याने जोडलेली असतात. दाब वाढला की टेप फाटते, खालचा टप्पा सुटतो आणि कोलांट्या खात जवळपासच पडतो. उड्डाणानंतर दोन सेकंदांच्या आत हे होऊन जातं. खालून पाहताना धुराची रेघ क्षणभर तुटते, मग दुसऱ्यांदा फुसकारा ऐकू येतो आणि वरचा टप्पा दिसेनासा होतो. त्याला मी छत्री न लावता लांब लाल फीत लावली आहे. इतक्या उंचीवरून छत्री वाऱ्याने कुठल्या कुठे जाते.

दादा, खरी गोम वजनात आहे. दोन इंजिनं शेपटीकडे आली की बंडी मागून जास्त भरल्यावर उलाळ होते तसं रॉकेटचं होतं. तोल पुढे हवा. हवेचा जोर जिथे एकवटतो, त्या बिंदूच्या पुढे निदान नळीच्या जाडीइतका तरी तोलाचा बिंदू पाहिजे. हवेचा बिंदू मागे सरकावा म्हणून खालच्या टप्प्याचे पंख मोठे असतात. आणि वरचा टप्पा एकटा पडल्यावरही स्थिर राहिला पाहिजे, म्हणून तो मी आधी एकटाच उडवून पाहिला.

वाऱ्याशी मी खेळत नाही. वारा जिकडून येतो तिकडे रॉकेट तोंड वळवतं. एक टप्पा असेल तर थोडं वाकडं जाऊन भागतं. दोन असतील तर वरचं इंजिन पेटताना तोंड जिकडे असेल तिकडेच ते सुसाट सुटतं, मग ते आभाळ असो की कोणाचं घर. नियमात ताशी ३२ किलोमीटरपर्यंतचा वारा चालतो. दोन टप्प्यांसाठी मी झुळूक असली तरच जाते. पेटवणं विजेच्या बटणाने, निदान ५ मीटर लांबून. मी त्याच्या दुप्पट अंतर ठेवते. पेटलं नाही तर बटणाच्या पेटीची किल्ली काढून मिनिटभर कोणीही जवळ जायचं नाही. आणि खाली वाळलेलं गवत नको, म्हणजे आपल्याकडे पऱ्हाट्या उभ्या असलेलं वावर तर नकोच.

बारक्याला निक्षून सांग : फटाके फोडून दारू गोळा करायची नाही. इंजिन घरी बनवणं म्हणजे बोटं आणि डोळे पणाला लावणं आहे. स्फोटकांच्या परवान्यांचं देशाचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, ते उगाच नाही. हा माझा हट्ट समज, पण यात सूट नाही.

मात्र त्याचा उत्साह मला मोडायचा नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंब्याहून आपल्या देशातून अवकाश संशोधनाचं पहिलं अग्निबाण उड्डाण झालं, ते नायके-अपाचे रॉकेट दोन टप्प्यांचंच होतं. तिथल्या चर्चमध्ये तेव्हा कामाची जागा होती आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. ही गोष्ट त्याला सांग.

तोवर त्याने पाण्याचं रॉकेट करावं. थंड पेयाची दोन लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, बुचात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व आणि हवेचा पंप. पंख पुठ्ठ्याचे चालतील, टोकाला ओल्या मातीचा गोळा. पंप मारताना तू जवळ उभा राहा, आणि पोट्ट्यांना बाटलीच्या वर वाकू देऊ नकोस. पाणी भरण्याआधी रिकामी बाटली तोलाच्या जागी सुतळीने बांधून डोक्यावरून गोल फिरवायची. टोक पुढे राहिलं तर पंख ठीक. उलटं फिरलं तर माती वाढवायची किंवा पंख मोठे करायचे. सुतळी कुठे बांधली ते पट्टीने मोजून मला फोटो पाठवायला सांग, म्हणजे पंख किती वाढवायचे ते मी इथून सांगते.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार. तुरीचं कसं काय आहे ते कळव.

तुझी बहीण