२ वाजून १० मिनिटं

रविवार, १८ जानेवारी

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू पहाटेच्या गाडीने गेलीस आणि डबा ओट्यावरच राहिला. तुझी आई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. करीच्या दिवशी भांडू नये एवढं तरी पन्नाशी उलटलेल्या माणसाला कळायला हवं होतं, असं तिने भांडी घासता घासता नळाला ऐकवलं. फोन केला की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो आहे. पेपरबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

इकडे थंडी फार आहे. मावशीचा गीझर दुरुस्त झाला का? नसेल तर बादलीभर पाणी गॅसवर तापवून घे, उगाच गार पाण्याने अंघोळ करू नकोस. दादाचं सगळं ठीक आहे, त्याचं ते तुला माहीतच आहे. काकांनी परत तोच विषय काढला होता, मी उठून बाहेर गेलो.

झालं. आता पेपर.

मनू, मला एवढंच सांग की तू घड्याळ बघतेस का? बाकी सगळं मी सोडून दिलं. तू आयटी सोडलंस, मावशीची सही घेऊन विषय बदललास, ते सगळं सोडलं. मला त्या वेळी राग आला होता तो विषयाचा नव्हता, सहीचा होता. पालक म्हणून सही करायला मी जिवंत होतो ना. २०२४ च्या दिवाळीत मला कळलं. मी विचारलं तर तू शंकरपाळ्याचा डबा पुढे करत म्हणालीस, 'आप्पा, ३ ऑक्टोबरपासून मराठी अभिजात भाषा झालीये, आता तरी चालेल ना?' मला हसू आलं होतं. मी दाखवलं नाही, ही माझी चूक.

तुला मी काही नवीन सांगत नाही, पण शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं बोर्डाचे फॉर्म भरतोय. दहावीपर्यंत मराठी सगळ्या शाळांना सक्तीची, त्याचा २०२० चा कायदाही आहे. अकरावीत सक्ती सरली की सायन्सची सगळी रांग आयटीकडे वळते. फॉर्मवर विषयाचा क्रमांक ९७, ९७, ९७. एखादा मराठीचा ०२ आला की माझाच हात थांबतो, लेकराकडून चुकून तर पडला नाही ना म्हणून बोलावून विचारतो. बहुतेकदा चुकूनच असतो. आयटीचा पेपर ऑनलाइन, ८० गुणांचा, पाठांतर नीट असेल तर ७५ कुठे जात नाहीत. आणि मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत लिहा' म्हटलं की मुलांना घाम फुटतो, कारण स्वतःचं मत गाईडमध्ये नसतं. माझ्या घरचा ०२ मुद्दाम पडला होता. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. आधी लाज वाटली म्हणून, नंतर कुणी काही बोलेल म्हणून. आता सांगतो. परवा नवीन सरांना सांगितलं.

पण प्रिलिमला ४३ कसे पडले ते मी त्यांना सांगितलं नाही.

तू गेल्यावर टेबलावरचं प्लास्टिक झटकायला काढलं तर खाली तुझी उत्तरपत्रिका. मला कळू नये म्हणून ठेवली होतीस का कळावी म्हणून, ते तुझं तू जाण. मी बसलो आणि गुणांची बेरीज मांडली, सवयच आहे. गद्य २०, पद्य १६, कथा १०, उपयोजित १४, व्याकरण आणि लेखन २०. तू ५३ गुणांचं लिहिलंस आणि त्यात ४३ मिळवलेस. उरलेले २७ कोरे. अहवाल लेखन अर्ध्यात तुटलेलं, व्याकरण नाही, निबंध नाही. निबंध नाही, मनू! सातवीपासून तुझे निबंध वर्गात वाचून दाखवतात आणि बारावीच्या पेपरात निबंधाचं पान कोरं. १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. रसग्रहण ४ गुणांचं, त्याला ९ मिनिटं. तू ४० दिलीस, असं तूच भांडताना म्हणालीस, आणि वर अभिमानाने म्हणालीस.

मी काय बोललो ते मला आठवतं. 'आयटी घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.' ते वाक्य मागे घेतो. पण 'बालकवींनी आठ ओळींत आटोपलं, तुला साडेतीन पानं कशाला लागतात' हे मागे घेत नाही, ते मला अजूनही बरोबर वाटतं. त्यावर तू म्हणालीस, 'आणि त्या आठ ओळींवर लोक शंभर वर्षं लिहितायत, आप्पा.' मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी टीव्ही मोठा केला.

बरोबर आहे तुझं. आमच्या मराठीच्या सरांनी औदुंबर शिकवली तेव्हा फळ्यावर 'उदासीनता' असा एकच शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर, तो पाण्यात पाय सोडून मजेत बसला असेल तर? सरांनी त्याला उभं केलं. तास संपेपर्यंत तो उभाच होता. मी 'उदासीनता' लिहिलं आणि पैकीच्या पैकी घेतले. पुढे नोकरीत जळगावला कामाला गेलो होतो, भादलीवरून गाडी गेली. बालकवी इथेच १९१८ साली रुळांवर गेले, अठ्ठाविसावं वर्ष चालू असताना, हे माहीत होतं. खिडकीतून पाहिलं तर नुसतं स्टेशन, फलाटावर दोन माणसं आणि एक कुत्रं. का कोण जाणे, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्या मागच्या बाकावरच्याचंच खरं असेल. तोवर उत्तर देऊन वीस वर्षं झाली होती.

हे मी कशाला लिहिलं? हां, वेळ.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर बारावीचा पेपर होता. माझं काम उत्तरपत्रिका मोजून गठ्ठे बांधायचं. मोजताना एका पत्रिकेचं शेवटचं पान उघडं राहिलं होतं. अक्षर बारीक, नेटकं, डावीकडे समास सोडलेला. शेवटच्या ओळीत शब्द अर्धा, आणि त्या अर्ध्या शब्दातून निघालेली शाईची एक रेघ, तिरपी, पानाच्या कडेपर्यंत. पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला तेव्हा पेन कागदावरच होतं. नाव काही कळत नाही, वर बारकोडचं स्टिकर. मी दोरा बांधला, सही घेतली, गठ्ठा गेला. त्या दिवशी घरी आलो तर तू अंगणात खडूने रेघा मारत बसली होतीस, मी तुला विनाकारण रागावलो. तुला आठवत नसेल. प्रिलिमचा तुझा अर्धा अहवाल पाहिला आणि मला ती रेघच दिसली. तू समजतेस तसा गुणांसाठी नाही मी ओरडलो. गुणांसाठीही ओरडलो, खोटं कशाला बोलू.

मग ती साडेतीन पानं वाचली.

कल्पना दुधाळांची 'रोज मातीत' मी वाचलेली नव्हती. तुझं युवकभारतीचं पुस्तक तर तू घेऊन गेलीस, म्हणून शाळेच्या कपाटातून काढून आणलं. कविता वाचली, मग तुझं परत वाचलं. मनू, माझ्या आईची, जिजीची ती आठवण तुला कुणी सांगितली? ती गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. 'तिच्या बोटांना येणारा पातीचा वास साबणानेही जात नसे, आणि आमच्या वह्यांनाही तो लागायचा' हे तुझं वाक्य आहे. ते खरं आहे. माझ्या वह्यांना यायचा. वर्गात मुलं नाक मुरडायची.

उन्हाळ कांद्याची लागण असली की पौषात ती अंधारातच निघायची. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखलात घोट्यापर्यंत पाय, कंबरेत वाकलेली, डाव्या हातात रोपाची जुडी आणि उजव्या हाताचा अंगठा मातीत. अंगठ्याने भोक, रोप आत, दोन बोटांनी दाब. चार बोटं सोडून पुन्हा भोक. तिला मोजता येत नव्हतं पण ओळ दोरी लावल्यासारखी यायची. माझ्या दहावीच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मी ऑफिसातून शाईचा पॅड मागून आणला. तिने अंगठा लुगड्याला तीनदा पुसला, तरी ठशात भेगांतल्या मातीच्या बारीक रेषा उमटल्या. क्लार्क म्हणाला, ठसा नीट नाही, परत आणा. मी परत आणला नाही, त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्याने शेवटी घेतला. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

आणि त्या साडेतीन पानांवर लाल शाईत लिहिलंय 'विषयांतर', ४ पैकी २. मला इतका राग आला की उत्तरपत्रिका घेऊन तुझ्या कॉलेजात यायला निघालो होतो, पायात चप्पल घातली होती. मग बसलो. ज्यांनी तपासलं त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, एवढं दिसलं की गुण द्यायचे. समोर शंभर पत्रिकांचा गठ्ठा असतो. तुझ्या पानांत ते सगळं आहे, पण जिजीच्या पाठीमागे लपलंय. बोर्डाचा तपासनीस शोधायला बसणार नाही. तू आधी ते तीन मुद्दे लिही, ठळक, परिच्छेद पाडून, आणि मग जिजीला एका वाक्यात आण. एक वाक्य पुरतं तिला. ती बोलायचीच किती?

बघ, परत मास्तरकी सुरू झाली. क्षमा कर. तू म्हणतेस ते मला कळतं, की पेपरसाठी कविता वाचायची तर आयटी काय वाईट होतं. खरंय. पण तू मराठी घेतलीस ती वाचण्यासाठी, आणि पेपर द्यायचाय तो पास होण्यासाठी. दोन्ही वेगळी कामं आहेत. माझ्यासारख्याला पहिलं जमलं नाही म्हणून तुला दुसरं जमू नये असं थोडंच आहे? सीईटीला मराठीचे गुण कुणी विचारत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मराठीत राहिलीस तर बारावी राहिली, आणि तेव्हा मात्र सगळे विचारतील. काका तर पहिले.

नाही, काकांचं नाव काढायला नको होतं. खोड.

आता ऐक, शेवटचं. हॉलमध्ये १०:३० ला जाऊन बस. पेपर ११ ला. आधी पाच-दहा मिनिटं पेपर हातात द्यायचे ते आता बंद आहे, त्याऐवजी शेवटी १० मिनिटं जास्त देतात, म्हणजे २ वाजून १० मिनिटांपर्यंत. ती १० मिनिटं लिहायला धरू नकोस. पुरवण्या बांधायला आणि प्रश्नांचे क्रमांक तपासायला ठेव. क्रमाने लिहायची सक्ती नाही, निबंध आणि व्याकरण पहिल्या तासात उरकलंस तरी चालतं, फक्त क्रमांक नीट घाल. रसग्रहण सगळ्यात शेवटी घे. मग हवं तेवढं लिही. पुरवणी माग, दोन माग, पर्यवेक्षक तोंड वाकडं करतील, करू देत.

संदीपबरोबर घड्याळ पाठवतोय. लग्नातलं आहे, चावीचं, रोज सकाळी चावी द्यावी लागते. तुझं ते मोबाइलला जोडायचं आत नेऊ देणार नाहीत. पट्टा तुझ्या मनगटाला मोठा होईल म्हणून दाभण तापवून आत दोन भोकं पाडली आहेत. दुसरं जरा वाकडं गेलंय. दिवसाला तीनेक मिनिटं पुढे जातं, त्याला हात लावू नकोस, पुढेच बरं आहे.

आईने डब्यात तिळाच्या वड्या दिल्यात. त्या तिच्याकडून आहेत, माझं त्यात काही नाही, असं सांगायला सांगितलंय.

तुझा,
आप्पा

ता. क. उत्तरपत्रिका परत पाठवत नाही. तुला लागली तर झेरॉक्स काढून देतो. साडेतीन पानं माझ्याजवळ राहू देत.

ता. क. २. मी रात्री घड्याळ लावून ती साडेतीन पानं नुसती उतरवून काढायला बसलो. ४० मिनिटांत माझी दोनच झाली. तेव्हा तू हळू लिहितेस हे माझं म्हणणं मागे घेतो. पण निबंध आधी घे.